ओटा ओला आहे

मिस्त्री म्हणाला, सोमवारपर्यंत हात लावू नका,
सिमेंट ओलं आहे.
हातातली सांडशी कुठे ठेवावी
ते कुमुदला कळेना.
सिलिंडर हॉलमध्ये, टीव्हीशेजारी,
पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.

मग निघालो. जेलरोडवरून स्कूटरवर
थेट मखमलाबादच्या बाजूला,
द्राक्षबागेच्या कडेला टेबलं टाकलीत तिथे.
काळा रस्सा, भाजका पापड, दही,
आणि तोंड पोळलं की जिलबी.

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
कोऱ्या, कडक, एकमेकींना चिकटलेल्या.
तिथे त्यांना फक्त शाईचा वास असतो.
इथे गल्ल्यावरून सुटे आले,
वीसची एक नोट सादळलेल्या पापडासारखी,
कडेला तर्रीचं बोट उमटलेलं.
मी ती नाकाशी धरली.
"काका, स्कॅनर आहे ना," पोरगा म्हणाला.
असू दे बाबा.
मला हिला भेटायचं होतं.

दुपारी कॉलेज रोड. एसी असा
की कुमुदने पदर कानांवरून घेतला.
मेनूकार्ड तिने रेशनच्या फॉर्मसारखं वाचलं,
मागचं पानसुद्धा.
मग विचारलं, "तुम्हाला काय आवडेल?"
म्हटलं, तुझं सांग.
ती परत पहिल्या पानावर गेली.

शेवटी पनीरचं काहीतरी आलं, लालभडक.
एक घास खाल्ला, आणि
शेजारणीची भानगड सांगावी तसं हळूच,
"काजू कमी, मगज जास्त."

रविवारी पंचवटीत थाळी.
वाढपी आग्रह करत होता,
आणि ताटावर हात आडवा धरायचा असतो
हे तिला सुचेचना.
आग्रह करायचं तिचं काम, करून घ्यायचं कधी नव्हतं.
तिसरी पुरणपोळी ताटात पडली, वर तूप.
"अहो, सांगा ना त्यांना," ती मला म्हणाली.
मी वरण भुरकत बसलो.

संध्याकाळी उलटा वडापाव, एकात दोघं,
कारण पोटात जागा नव्हती आणि घरी जायचं नव्हतं.
घाटावर पाय सोडून बसलो.
"बेसन जरा जाड झालंय," ती म्हणाली,
पण कागद चाटूनपुसून घडी केला.

रात्री पाथर्डी फाट्याला ढाब्यावर शेवभाजी.
ताटं उचलणाऱ्या पोऱ्याने वाटी वाकडी करून बघितली,
"भाजी आवडली वाटतं, मावशी."
आणि मला एकदम थेटे हवालदार आठवला.

प्रेसच्या गेटवर रोज झडती.
खिसे, चपला, डबा.
डबा उघडून दाखवायचा, रिकामा, चारही पुडं.
थेटे वास घ्यायचा आणि सांगायचा,
"आज डाळमेथी."
"आज भरली वांगी. कारळं घातलंय वहिनींनी."
एकदा म्हणाला, "दोन दिवस फोडणी करपतेय,
घरी बरं नाही का कुणाला?"
मी म्हटलं, सगळे ठीक.
घरी आलो तर ती पांघरूण घेऊन पडलेली,
अंगात तीन दिवसांचा ताप.

हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.
ढाब्यावर सांगितलं, बडीशेप चघळत.
तिने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला.
"कारळं ओळखायचा?"
ओळखायचा.
"तुम्ही?"

मी बिल मागवलं.

परतताना द्वारकेच्या सिग्नलला
मागच्या सीटवरून आवाज आला,
"अजून काय म्हणायचा तो?"
आठवलं तेवढं सांगितलं.
मग बिटको येईपर्यंत
बाकीचं बनवून सांगत राहिलो:
अळूची भाजी, एकदा शेंगोळे,
एकदा नुसती खिचडी, तरी म्हणाला, वा.

"खिचडीला कुणी वा म्हणतं होय," ती म्हणाली,
आणि खांद्यावरचा हात
जरा घट्ट केला.